चाळ सोडून बदलापूरला जावे काय?



गेल्या महिन्यात नायगावला एका नामकरणाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, भोजन झाले, आणि हात धुता धुता आमच्या भाचीच्या नवऱ्याने आम्हाला कोपऱ्यात गाठले. "मामी, बदलापूरला वन बीएचके बघितलाय. पुढच्या शुक्रवारी टोकन द्यायचंय. तुम्ही तिकडं इतकी वर्षं राहता. खरं सांगा, यावं का?"

जेवणाच्या पंगतीत उभ्याउभ्या द्यायचे हे उत्तर नव्हे. "सांगते जावईबापू, सावकाश सांगते," म्हणून वेळ मारून नेली. पण त्याच दिवशी आणखी दोघींनी हेच विचारले. एकीचा मुलगा टिटवाळ्याला बघतो आहे, दुसरीचा नालासोपाऱ्याला. तेव्हा वाटले, घरोघरी हा विषय आहे तर तो सर्वांसाठीच लिहावा.

आम्ही २००६ साली नायगावची बीडीडी चाळ सोडली. बीडीडी चाळी म्हणजे काय हे आपल्या लोकांना सांगायला नको. १९२० च्या सुमारास सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे त्या बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत सासूबाई, दीर-जाऊ, आम्ही दोघे आणि दोन्ही घरची मुले मिळून आम्ही नऊ माणसे राहत होतो. पुरुष व्हरांड्यात झोपत. दिवा घालवला की नऊ जणांची रात्र, आणि दिवा ठेवला तर कोणाचीच नाही. आमची थोरली मुलगी नववीत गेली तेव्हा ती जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यासाला बसू लागली. शौचालय मजल्याच्या टोकाला, सर्वांचे मिळून. रात्री पोटात दुखले तर बायकांनी सकाळची वाट बघायची, नाहीतर कोणाला तरी सोबतीला उठवायचे. मुलगी मोठी होऊ लागली आणि आम्हाला ह्या गोष्टी दिसू लागल्या. त्या आधीही होत्याच, पण आम्ही स्वतः तशाच वाढल्यामुळे त्यांना त्रास म्हणावे हे सुचले नव्हते.

बदलापूरला पहिल्या रात्री मुलीने तिचे टेबल खिडकीशी लावले आणि रात्री एकपर्यंत दिवा चालू ठेवला. कोणीही "दिवा घालव" म्हणाले नाही. आज ती शिकलेली परिचारिका आहे. ते टेबल नसते तर झाली असती का, हे आम्हाला सांगता येत नाही. पण घरातल्या घरात शौचालय आणि अभ्यासाला कोपरा ह्या दोन गोष्टींसाठी आम्ही कोणालाही "जा" म्हणू.

आता दुसरी बाजू.

आमचे मिस्टर परळच्या एका सरकारी रुग्णालयात वॉर्डबॉय होते. नायगावहून चालत ड्युटीला जात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटर आहे. सकाळी सातच्या पाळीसाठी ते पहाटे चारला उठू लागले. जायला दीड तास, यायला दीड तास, गाडी वेळेवर असली तर. एकदा आम्ही हिशेब केला. रोज तीन तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे नऊशे तास. दिवस-रात्र धरून वर्षातले सदतीस दिवस माणूस गाडीत उभा! त्यात चाकरमान्याचे घर म्हणजे झोपायची जागा झाली. धाकटा मुलगा सहा वर्षांचा होता. आठवडा आठवडा त्याने वडिलांना जागे पाहिले नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारातून माणसे खाली पडली आणि जीव गेले. त्या दिवशी कल्याणच्या पुढच्या प्रत्येक घरातली बाई दुपारपर्यंत फोन लावत होती. जागा बघायला रविवारी दुपारी जाणाऱ्यांना हे दिसत नाही. रविवारी गाडीत बसायला मिळते.

आणि आमचे स्वतःचे काम? आम्ही चाळीत साड्यांना फॉल-बिडिंग करत होतो, ब्लाउज शिवत होतो. ऐंशी खोल्यांची गिऱ्हाइके दाराशी. लग्नसराईत मिस्टरांच्या पगाराच्या निम्मे पैसे आम्ही उभे करत असू. बदलापूरला मशीन नेली आणि ती दोन वर्षे चादर पांघरून पडली. तिथे आम्हाला कोणी ओळखतच नव्हते. घराचा हप्ता मोजताना पुरुषाचा पगार धरतात, पण बाईची ही कमाई बंद पडणार हे कोणी धरत नाही. आपल्या कितीतरी भगिनी आजूबाजूच्या इमारतींत स्वयंपाकाला, बाळंतिणीच्या कामाला जातात. त्यांची कामे पायी जाण्याच्या अंतरावर असतात. ती कामे ६८ किलोमीटर लांबून होत नाहीत.

सासूबाईंचे तर निराळेच. नायगावला केईएम हाकेच्या अंतरावर. बदलापूरला काही मोठे दुखणे निघाले तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, नाहीतर सरळ मुंबई. त्या तीन महिन्यांत परत नायगावला दिरांकडे गेल्या. म्हणाल्या, "घर चांगलं आहे गं, पण इथं दार लावून बसतात." त्यांना जे म्हणायचे होते ते आम्हाला पुढे कळले.

घर शोधतानाच थोडे कळले होते. दलालाने फ्लॅट दाखवला, किंमत बोलली, चहा पाजला. मग विचारले, "नॉनव्हेज खाता का?" खातो म्हटले. मग, "पूर्ण नाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी तो फ्लॅट 'गेलेला' होता. असे दोनदा झाले. तिसरा फ्लॅट आम्ही थेट बांधकाम करणाऱ्याकडून घेतला, तेव्हा हा प्रश्न आला नाही. त्याला फक्त चेकशी मतलब होता. सहकारी संस्थांच्या १९६० च्या कायद्यात, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही असे आहे. पण कायदा लागतो तो फ्लॅट घेतल्यावर. फ्लॅट दाखवलाच नाही तर कशावर बोट ठेवणार?

राहायला गेल्यावर कोणी वाईट बोलले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण एक दिवस धाकटा शाळेतून आला आणि म्हणाला, "आई, आपण कोण आहोत? मुलं विचारतात, तुमच्या घरी गणपती का नाही?" आम्ही चमकलो. नायगावला आमच्या मुलीला हे कधी शिकवावेच लागले नव्हते. विहारातली वंदना खिडकीतून ऐकू येई, १४ एप्रिलला अख्खी चाळ निळी होई, ६ डिसेंबरला गावोगावहून आलेल्या माणसांना आमच्या बायका पाणी देत. पोराला हवेतून मिळत होते ते. बदलापूरच्या आमच्या इमारतीत ते कुठून येणार? इथे आई-बापांनी बसून सांगावे लागते, आणि सांगायला बाप घरी नसतो, तो गाडीत असतो.

२००९ साली आम्ही आसपासच्या इमारतींतली आपली पाच घरे शोधून काढली. कसे शोधले? दाराच्या वरचा बाबासाहेबांचा फोटो, एखाद्या गाडीवरचे निळे स्टिकर. रविवारी पाळीपाळीने एकेका घरी वंदना सुरू केली. मग जयंती आली. सोसायटीकडे अर्ज केला की पार्किंगमध्ये दोन तास कार्यक्रम करू द्यावा. उत्तर आले, सोसायटीत धार्मिक कार्यक्रम नकोत. गणपती मात्र त्याच पार्किंगमध्ये पाच दिवस बसत असे, आणि आम्ही त्याची वर्गणी देत होतो. आम्ही भांडलो नाही. सर्वसाधारण सभेत वर्गणीची पावती पुढे ठेवली आणि विचारले, मग ही कशाची? सभा थोडा वेळ गप्प बसली. त्या वर्षी पार्किंगमध्ये फोटो लागला, खीर वाटली. सगळे आले नाहीत. आजही सगळे येत नाहीत. पण शेजारच्या काकू खिरीचे पातेले ढवळायला आल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आमच्याकडे सहा ब्लाउज शिवायला टाकले. मशीनवरची चादर त्या दिवशी निघाली.

चाळीचे सगळेच गोड होते असे मात्र कोणी समजू नये. दारू होती, आकडा होता, आणि मुलगी पाच मिनिटे उशिरा आली तर चार व्हरांड्यांतून चौकशी होती. आमच्या मुलीला विचाराल तर ती म्हणेल, बदलापूरला मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तिचेही खरे आहे.

बाबासाहेबसुद्धा परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत वीसहून अधिक वर्षे राहिले आणि मग दादरला राजगृहात गेले. ग्रंथांना आणि अभ्यासाला जागा हवी होती. मोठे घर मागण्यात कसलाही कमीपणा नाही. पण राजगृह परळपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हेही ध्यानात घ्यावे.

आता काही व्यवहाराचे बोलू. जावईबापूंसाठी हे मुद्दाम.

पहिले म्हणजे, चाळीतली खोली विकून जाऊ नका. आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने गिरण्या बंद पडल्यावर नव्वदीच्या दशकात खोली देऊन टाकली आणि अंबरनाथच्या पुढे गेले. आज वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यातल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगावचेही काम चालू आहे. आमची खोली दिरांनी धरून ठेवली. ते आता भाड्याच्या घरात दिवस काढत आहेत, पण हक्क शाबूत आहे. त्या दुसऱ्या कुटुंबाकडे काही नाही. गिरणी कामगार शेलू-वांगणीची घरे नको, मुंबईतच द्या म्हणून का झगडत आहेत, हे आम्हा बदलापूरकरांना कोणी समजावून द्यायला नको. वांगणी आमच्या पुढचे स्टेशन आहे.

दुसरे, इमारतीचे कागद. नुसता 'रेरा'चा नंबर बघून भुलू नका. डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून तो नंबर मिळवला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यात घरे घेतलेली माणसे आपल्यासारखीच, कर्ज काढलेली. बांधकाम परवानगी स्वतः नगरपालिकेत जाऊन पडताळावी. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर स्वस्त आहे म्हणून घेऊ नये. शीळफाट्याला २०१३ साली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये १७ गेली. स्वस्त घराची किंमत कधी कधी अशी वसूल होते.

तिसरे, पाणी. नळाचेही आणि पुराचेही. उल्हास नदी २६ जुलै २००५ ला बदलापुरात शिरली होती, आणि जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. दलालाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारा, पाणी कुठवर आले होते. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

चौथे सर्वांत सोपे आणि सर्वांत विसरले जाणारे. सामान बांधताना जुनी पत्र्याची पेटी भंगारात देऊ नका. आमच्या सासूबाई ती देऊनच टाकणार होत्या. तिच्यात आजेसासऱ्यांच्या नावाच्या खोलीभाड्याच्या पावत्या आणि सासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि दाखला आपले वाडवडील त्या तारखेला जिथे राहत होते तिथल्या कार्यालयातून निघतो, आज फ्लॅट जिथे आहे तिथून नाही. बौद्धांना १९९० पासून केंद्राच्या सवलती मिळाल्या, तरी पडताळणीत मागतात ते हेच जुने कागद. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी ती पेटी नसती तर आम्ही कुठे गेलो असतो कोण जाणे.

जावईबापूंना आम्ही फोन करून सांगितले की शुक्रवारचे टोकन पुढे ढकला. त्याआधी दोघांनी मिळून, नुसत्या एकट्याने नव्हे, शनिवारी रात्री आमच्याकडे मुक्कामाला या. रविवारी वंदनेला बसा, आसपासची आपली माणसे बघा. पाच घरांची आता एकवीस झाली आहेत. आणि सोमवारी पहाटे आमच्या इथूनच गाडी धरून कामावर जा. भाचीने मागून फोन घेतला. "मामी, ह्यांचं ट्रेनचं ठीक आहे," ती म्हणाली, "पण माझी पोळी-भाजीची चार घरं दादरला आहेत, त्यांचं काय करू?"

त्यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. शनिवारी या, बघू म्हणालो.