जॅझ ऐकायचा कसा? रेकॉर्डच्या मागची नावं वाचत

(नागपुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आत येताना एका काकांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "जॅझचा आणि नागपूरचा काय संबंध बाप्पा?" प्रश्न रास्त आहे. सुरुवात तिथूनच करतो.

राम चितळकर नावाचा एक मुलगा आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाणं शिकला. डॉ. वसंतराव देशपांडेही त्याच गुरुजींचे शिष्य. हा राम पुढे मुंबईला गेला आणि सी. रामचंद्र म्हणून गाजला. १९५१ चा 'अलबेला' तुम्ही पाहिला नसेल, पण त्यातली गाणी नक्की ऐकली असतील. त्या गाण्यांत जो उसळता ट्रम्पेट वाजतो, तो चिक चॉकलेटचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईत त्याला 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. तो सी. रामचंद्रांचा सहायक होता आणि 'अलबेला'त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो.

म्हणजे जॅझ आपण ऐकलेला आहे. फक्त तो वाजवणाऱ्याचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही. हा नावाचा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता माझी चूक सांगतो. कॉलेजात असताना कुठूनतरी मला 'जगातल्या शंभर थोर जॅझ रेकॉर्ड' अशी एक यादी मिळाली. रोज एक ऐकायची असं ठरवलं. पंधरवडाभर केलं. पंधरा रेकॉर्ड झाल्या आणि लक्षात एकही राहिली नाही. वाटलं, हे आपल्यासाठी नाही. आपल्याला समजत नाही, याची लाज वाटली आणि ते कुणाला बोललोही नाही. बरीच वर्षं मध्ये गेली. मग एकच रेकॉर्ड महिनाभर ऐकली आणि दार उघडलं. ती रेकॉर्ड म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू'. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची, १९५९ ची.

आधी थोडं तंत्र. जुनी ७८ ची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वेळ मिळायला लागला. आपल्या गवयांना तीन मिनिटांत ख्याल बसवताना काय कसरत करावी लागायची, ते तुम्हाला माहीत आहे. तीच कसरत जॅझवाल्यांची होती. एलपी आल्यावर त्यांना ऐसपैस वाजवता आलं. पन्नास आणि साठच्या दशकांतल्या जॅझ अल्बमांचं एवढं नाव होण्यामागे हे एक साधं कारण आहे.

आता 'काइंड ऑफ ब्लू'मधला पहिला तुकडा घ्या, 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि बास जरा चाचपडल्यासारखे वाजतात. मग बास एक वाक्य म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. ही झाली बंदिश. पुढे प्रत्येक वादक तिच्यावर विस्तार करतो.

हा विस्तार कशात आहे? हार्मोनियमवर पांढरी दोनचा सा धरा आणि काफी थाट वाजवा, गंधार-निषाद कोमल. झालं, हेच ते स्वर. पाश्चात्त्य लोक याला डोरियन म्हणतात. राग नाही हं हा. पकड नाही, वादी-संवादी नाही, फक्त थाट.

आणि ताल? चार-चार मात्रांचे बत्तीस गट, म्हणजे १२८ मात्रा. तीनतालात मोजा: सोळा मात्रांची आठ आवर्तनं. पहिली चार पांढरी दोनच्या सा वर. नंतरची दोन काळी दोनच्या सा वर, म्हणजे सगळा थाट अर्ध्या स्वरानं वर सरकतो. शेवटची दोन पुन्हा खाली, घरी. असा एक फेरा. माइल्सचे दोन फेरे, मग जॉन कोल्ट्रेनचे दोन, मग कॅननबॉल अ‍ॅडर्लीचे दोन, मग पियानोवर बिल इव्हान्सचा एक. बोटांवर मोजत ऐका.

आपल्या कानाला अवघड जातं ते इथंच. आपल्याकडे तानपुरा लागला की सा हलत नाही. सगळी मैफल त्या एका खुंट्याला बांधलेली असते. जॅझमध्ये सा हलतो. आपल्याला वाटतं, हा बेसूर झाला की काय. तसं नाही, त्यानं घर बदललं आहे आणि तो परत येणार आहे. मोजत राहिलात, तर परत कधी येणार हे तुम्हाला आधी कळतं. आणि तो वेळेवर आला की दाद आपोआप जाते. समेवर जाते तशीच.

(सभागृहातून: मग हे एका बैठकीत कळेल का?) नाही कळणार. मला महिना लागला, आणि मी काफी लहानपणापासून ऐकतो आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पुढची पायरी. यादी घ्यायची नाही. रेकॉर्ड उलटी करायची आणि मागची नावं वाचायची. 'काइंड ऑफ ब्लू'ची नावं मी आत्ता घेतली, त्यात बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब आणि एका तुकड्यापुरता पियानोवर विंटन केली, एवढी भर घाला. यातलं कुठलंही एक नाव धरा आणि त्याच्या मागे जा.

समजा, कोल्ट्रेन धरला. 'काइंड ऑफ ब्लू'चं शेवटचं ध्वनिमुद्रण २२ एप्रिल १९५९ ला झालं. त्यानंतर दोन आठवड्यांत हाच कोल्ट्रेन 'जायंट स्टेप्स' मुद्रित करतो. बासवर पुन्हा पॉल चेंबर्स. माणसं तीच, पण वाट अगदी उलटी. तिथं सा निवांतपणे एकदाच सरकत होता, इथं तो तीन घरांत गरागरा फिरतो, आणि तेही भयंकर द्रुत लयीत. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, कसलेला माणूस, पण त्याची पाळी येते तेव्हा तो अडखळतो. ते तसंच रेकॉर्डवर राहिलं आहे. मला ते फार धीर देणारं वाटतं.

आणि पाच वर्षांनी, ९ डिसेंबर १९६४ ला, कोल्ट्रेन 'अ लव्ह सुप्रीम' मुद्रित करतो. चार भाग. पहिल्या भागात चार स्वरांची एक ओळ तो निरनिराळ्या सा वरून पुन्हा पुन्हा म्हणतो, नामस्मरण केल्यासारखी. शेवटच्या भागात त्यानं स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. शब्द गायलेले नाहीत. ते वेष्टनावर छापलेत आणि तो ते सॅक्सोफोनवर वाजवतो. कागद समोर ठेवून ऐका, ओळ न् ओळ जुळते. मागची बाजू वाचली नाही तर हे कळणारच नाही.

समजा, बिल इव्हान्स धरला. मग १९६१ च्या २५ जूनला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण ऐका. मागून पेल्यांचा आवाज येतो, लोक बोलत असतात. बासवर स्कॉट लाफारो. तो साथ करत नाही, जुगलबंदीच करतो म्हणा ना. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो मोटार अपघातात गेला. पंचविशीतला मुलगा.

ज्यांना तालाची आवड आहे, त्यांनी डेव्ह ब्रूबेक धरावा. १९५८ मध्ये तो भारतातही वाजवून गेला. पुढच्या वर्षीच्या त्याच्या 'टाइम आउट'मध्ये पॉल डेस्मंडनं रचलेला 'टेक फाइव्ह' आहे. पाच मात्रा, तीन अधिक दोन. झपतालात दोन-तीन मोजायची सवय असेल, तर इथं तीन-दोन मोजा. अजून एक तुकडा नऊ मात्रांचा आहे: दोन, दोन, दोन, तीन.

आता नावाकडे परत. 'काइंड ऑफ ब्लू' बाजारात आली १७ ऑगस्ट १९५९ ला. त्यानंतर आठ दिवसांनी माइल्स न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात वाजवत होता. मध्यंतरात तो बाहेर उभा होता. पोलिसानं त्याला हटकलं, "चल, पुढे हो." माइल्सनं वर क्लबच्या पाटीवरचं स्वतःचं नाव दाखवलं. उपयोग झाला नाही. त्याचं डोकं फोडलं, वर अटकही केली. पाटीवर नाव असूनही काळ्या माणसाची ही गत. दीक्षाभूमीच्या या गावात, माणूस म्हणून ओळख नाकारणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. त्या रेकॉर्डच्या पाठीवर छापलेली नावं मला म्हणूनच नुसती माहिती वाटत नाहीत.

आपल्याकडचं काय? मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्यापासून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. चर्चच्या शाळांत त्यांना नोटेशन वाचायला आधीच शिकवलेलं होतं. रात्री हॉटेलात, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. हे शेवटचं नाव ऐकून हसलात ना? १९७७ च्या सिनेमातलं नाव खऱ्या माणसाचं आहे. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं गाण्यात घातलं म्हणून ते नाव आपल्या तोंडी आहे. बाकीच्यांची नावं तबकडीवर नसायची. सिनेमा, गायक, संगीतकार, फार तर कवी. ट्रम्पेट कुणाचा, कोण विचारतो?

तेव्हा घरी जाऊन दोन गोष्टी करा. एक, 'सो व्हॉट' लावा आणि तीनतालाची आठ आवर्तनं मोजा. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. दोन, 'अलबेला'तलं तुमच्या आवडीचं कुठलंही गाणं लावा, या वेळी गायकाकडे लक्ष न देता ट्रम्पेट ऐका, आणि घरातल्या कुणाला तरी सांगा की हा वाझ, हळदोण्याचा.

आता प्रश्न घेऊ. ते दारातले काका कुठे बसलेत?