न आवरणारे रडू

वारंवार येणारे आणि काही केल्या न आवरणारे रडू हा स्वतंत्र आजार नाही. ते लक्षण आहे. त्यामागे मनाचा आजार असू शकतो, संप्रेरकांची उलथापालथ असू शकते किंवा मेंदूला झालेली इजा. लेकीच्या पाठवणीला, जिवलगाच्या निधनानंतर किंवा अतिश्रमाने डोळे भरून येण्यात बिघाड काहीच नाही. लक्ष द्यायचे ते एरवीच्या स्वभावात न बसणारे रडू आठवडेच्या आठवडे टिकते, जेवणझोप आणि कामधंदा विस्कटून टाकते तेव्हा.

अश्रू डोळ्यांच्या वर, बाहेरच्या अंगाला असलेल्या ग्रंथींत तयार होतात. कांदा चिरताना येणारे पाणी डोळ्याच्या चुरचुरीमुळे येते. भावनेच्या अश्रूंची सुरुवात मात्र मेंदूच्या भावनांशी निगडित भागांत होते. तिथून निघालेला संदेश मेंदूस्तंभातून चेहऱ्याच्या मज्जातंतूवाटे ग्रंथीपर्यंत पोचतो. हे काम स्वायत्त मज्जासंस्थेचे, म्हणजे इच्छेच्या ताब्याबाहेरचे. म्हणून ‘रडू नकोस, मन घट्ट कर’ असे सांगून ते थांबत नाही. रडणाऱ्याच्या मनात आपण दुबळे असल्याची टोचणी तेवढी वाढते.

बाळंतिणीचे रडू घरोघरी दिसते आणि तितकेच दुर्लक्षितही राहते. वार पडल्यानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते. त्यात जागरण आणि अंगदुखीची भर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बारीकसारीक गोष्टींवरून डोळे वाहू लागतात. निम्म्याहून अधिक मातांना हे होते, आणि झोप व मदत मिळाली की साधारण दोन आठवड्यांत औषधाविना ओसरते. त्यानंतरही रडू चालूच राहिले, बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, बाळाबद्दल ओढ वाटत नसेल, ‘मी चांगली आई नाही’ हे पालुपद सुटत नसेल, तर तो प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा आजार समजावा.

गोव्यातील मातांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये हा आजार आढळला. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगी झाली याचाही. म्हणजे दोष एकट्या संप्रेरकांच्या माथी मारून घराला हात झटकता येत नाहीत. या आजाराच्या चाचपणीसाठी 1987 मध्ये एडिनबर्ग येथे तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यातला एक प्रश्न थेट रडण्याबद्दल आहे आणि शेवटचा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी हा आजार बरा होतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरांच्या सल्ल्याने काही औषधे घेता येतात.

एरवीच्या नैराश्यातही रडू येते, पण ते एकटे येत नाही. उदासी, कशातच गोडी न वाटणे, थकवा, भूक-झोपेतला बदल ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ सोबत असतात. आजार फार वाढला की काहींना रडूही येईनासे होते. त्यामुळे डोळे कोरडे झाले म्हणजे माणूस सावरला, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

याहून अगदी निराळा प्रकार अर्धांगवायूनंतर दिसतो. शेजारी भेटायला येतो, ‘कसं वाटतंय आता?’ एवढेच विचारतो आणि रुग्णाला हुंदका फुटतो. मिनिटभराने तो तितक्याच अचानक थांबतो. रुग्णाला त्या क्षणी दुःख झालेले नसते. कधी रडण्याऐवजी हसू फुटते. घरचे म्हणतात, ‘मन खचलंय.’ वास्तविक, भावनांच्या आविष्काराला आवर घालणाऱ्या मेंदूतील मार्गांना इजा झालेली असते. याला स्यूडोबल्बार अफेक्ट म्हणतात. मेंदूच्या काही आजारांत रडू लवकर येते, हे चार्ल्स डार्विनने 1872 च्या ग्रंथात नोंदवले होते. मल्टिपल स्क्लेरोसिस, मोटर न्यूरॉनचे आजार किंवा डोक्याला मार लागल्यानंतरही असे होते. नैराश्यावरील काही औषधे यावर कमी मात्रेतही लागू पडतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन या जोडऔषधाला अमेरिकेत 2010 मध्ये मान्यता मिळाली. हुंदका येतोय असे वाटताच बसण्याची ढब बदलणे, श्वास सावकाश सोडणे, नजर दुसऱ्या वस्तूवर खिळवणे यानेही झटका कमी होतो. भेटायला येणाऱ्यांना आधीच कल्पना दिली की रुग्णाचा संकोच पुष्कळ उतरतो.

थायरॉइडचे विकार, स्टिरॉइडसारखी औषधे, पाळीपूर्वीचे दिवस आणि रजोनिवृत्ती ही आणखी काही कारणे. डॉक्टरांकडे जाताना रडू कधीपासून येते, किती वेळ टिकते, त्या वेळी मनात खरोखर दुःख असते का आणि कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून न्यावे. निदान बऱ्याच अंशी या उत्तरांवर ठरते.

जीव नकोसा वाटतो असे कुणी म्हणाले तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येते.