‘पहेली’ आणि उखाणा : एक शब्दविचार

अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘पहेली’ (२००५) हा हिंदी चित्रपट विजयदान देथा यांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर आधारलेला आहे. याच कथेवरून मणी कौल यांनी १९७३ साली चित्रपट केला होता. विवाह होताच पती पाच वर्षांसाठी व्यापारास जातो आणि त्याचे रूप घेऊन एक भूत घरात येते. इतरांना ते फसविते. वधूस मात्र सत्य सांगून निर्णय तिच्यावर सोपविते.

‘पहेली’ या शब्दास मराठीत ‘उखाणा’ हा प्रतिशब्द आहे. परंतु मिरजगावी काय किंवा अन्यत्र काय, लग्नघरी उखाणा म्हणजे पतीचे नाव गुंफलेले पद्य. कोडे आणि पतीचे नाव हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात. चित्रपटातील प्रश्नही हाच आहे : नाव एक, रूप एक, मग पती कोणता? कुटुंबीय रूपावरून निर्णय करतात. वधू सत्य जाणून भुताचा स्वीकार करते. ‘भूत’ म्हणजे व्युत्पत्तीने ‘होऊन गेलेले’. चित्रपटात तेच अखेर पतीच्या मर्त्य देहात शिरून संसारात राहते. मूळ कथेत हा दिलासा नाही. तेथे भुताची व वधूची कायमची ताटातूट होते आणि तिला तिची इच्छा विचारणारे घरात कोणीही उरत नाही.