घरगुती मत्स्यालयातील समुद्रपुष्पाचे स्थलांतर

समुद्रपुष्पाचे स्थलांतर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील समुद्रपुष्पाला इजा न होऊ देता त्याची जागा बदलणे, अथवा त्याला एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेणे. समुद्रपुष्प (समुद्रफूल, सी ॲनिमोन) फुलासारखे दिसत असले तरी ती वनस्पती नसून प्रवाळ व जेलीफिश यांच्या निडारिया संघातील प्राणी आहे. तो आपली जागा स्वतः निवडतो. म्हणून त्याला ओढून न काढता, त्याने आपणहून पकड सोडावी अशी परिस्थिती निर्माण करणे हे सुरक्षित स्थलांतराचे मुख्य तत्त्व आहे.

शरीररचना आणि हालचाल

समुद्रपुष्पाचे शरीर मऊ, पोकळ व पाण्याने भरलेले असते. वरच्या टोकाला मुख व त्याभोवती संस्पर्शक असतात. संस्पर्शकांवरील दंशकोशिकांनी ते भक्ष्य बधिर करते. खालच्या टोकाला असलेल्या पायाच्या चकतीने ते खडकाला चिकटते. ही चकती फाटल्यास जखमेत जंतुसंसर्ग होऊन प्राणी मरू शकतो. अनेक उष्णकटिबंधीय जातींच्या ऊतींत सूक्ष्म शैवाले राहतात व प्रकाशसंश्लेषणातून त्यांना अन्न पुरवतात. प्रकाश, पाण्याचा प्रवाह किंवा पायासाठी खाच मनाजोगी नसल्यास समुद्रपुष्प हळूहळू सरकत दुसरीकडे जाते.

स्थलांतराची गरज

पुढील परिस्थितीत स्थलांतर आवश्यक ठरते: समुद्रपुष्प पंपाच्या तोंडाजवळ गेले असल्यास, त्याचे संस्पर्शक शेजारच्या प्रवाळांना दंश करत असल्यास, किंवा टाकी बदलायची असल्यास. केवळ ते समोरून नीट दिसावे म्हणून त्याला हलवणे टाळावे. नव्याने आणलेले समुद्रपुष्प पहिले काही दिवस फिरत राहते. त्या काळात पंपांच्या तोंडांना जाळी किंवा स्पंज बसवून त्याला स्वतः जागा शोधू द्यावी.

पूर्वतयारी

नव्या टाकीतील पाणी स्थिर झालेले असावे. टाकी किमान सहा महिने चालू असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ व तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. अमोनिया व नायट्राइट मुळीच नसावेत. हात घालण्यापूर्वी पंप व हीटर यांचा वीजपुरवठा बंद करावा. हातमोजे वापरावेत, त्यामुळे दंशापासून हाताचे आणि हातावरील साबण-तेलापासून प्राण्याचे रक्षण होते.

पद्धती

* दगडासह हलवणे: समुद्रपुष्प सुट्या दगडावर असल्यास तो दगडच उचलून हलवणे सर्वांत सुरक्षित असते.
* प्रवाह व प्रकाश बदलणे: पंपाचा मध्यम झोत त्याच्याकडे वळवल्यास किंवा त्याच्यावर सावली केल्यास ते काही तासांत वा दिवसांत आपणहून सरकते.
* कडेने सोडवणे: वरील उपाय निष्फळ ठरल्यास पायाच्या चकतीची कड बोटाने किंवा मऊ प्लॅस्टिक पट्टीने किंचित उचलावी व थांबावे. प्राणी आक्रसला की थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. चाकू वा ब्लेड कधीही वापरू नये.

सुटलेले समुद्रपुष्प हवेत उचलू नये. आतील पाण्याच्या भाराने त्याच्या ऊती फाटू शकतात. भांडे पाण्याखाली नेऊन पाण्यासकट त्याला त्यात घ्यावे. दुसऱ्या टाकीत सोडण्यापूर्वी तेथील पाणी नळीने थेंब-थेंब भांड्यात मिसळत जावे. त्यानंतर समुद्रपुष्प निवडलेल्या खाचेत ठेवावे आणि पाय चिकटेपर्यंत प्रवाह मंद ठेवावा.

नंतरची काळजी

स्थलांतरानंतर समुद्रपुष्प आक्रसणे, तसेच आतले पाणी बाहेर टाकून काही काळ लहान दिसणे स्वाभाविक आहे. ते चिकटून पूर्ण उमलल्यावरच कोळंबीचा लहान तुकडा द्यावा. मुख सतत उघडे राहणे, शरीर विरघळू लागणे व दुर्गंधी येणे ही मृत्यूची लक्षणे आहेत. मृत समुद्रपुष्प ताबडतोब काढावे. अन्यथा ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो व टाकीतील इतर मासेही दगावतात.

समुद्रापासून दूरच्या भागात

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा हे पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील शहर समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा ठिकाणी खारे पाणी घरीच तयार करावे लागते. मराठवाड्यात अनेक ठिकाणी विंधनविहिरीचे पाणी जड असते. त्यामुळे आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी व मत्स्यालयासाठीचे सागरी मीठ वापरावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांपुढे जात असल्याने प्राण्याची वाहतूक रात्री किंवा पहाटे, थर्माकोलच्या पेटीतून करावी. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

उल्लेखनीय उदाहरणे

स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन ग्रॅहम डॅलियेल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प ‘ग्रॅनी’ (आजी) या नावाने प्रसिद्ध झाले. १८५१ मध्ये डॅलियेल यांचे निधन झाल्यानंतरही ते एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले गेले व १८८७ पर्यंत जगले. काळजीपूर्वक हाताळल्यास हा नाजूक प्राणी पाळणाऱ्यापेक्षाही अधिक काळ जगू शकतो, हे यातून दिसते.

मुंबईच्या किनारी रस्ता प्रकल्पासाठी २०२० मध्ये हाजीअली व वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने हलवण्यात आल्या. भारतात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे मत्स्यालयासाठी किनाऱ्यावरून प्रवाळयुक्त दगड उचलून आणणे बेकायदेशीर ठरते.