कॉन्टेसाचे मूळ इंजिन कोणते?

१५ जुलै २०२१ ची केंद्रीय अधिसूचना जुन्या गाड्यांच्या शौकिनांना मोठा दिलासा वाटली. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नंबरमालिका, वीस हजार रुपये शुल्क आणि दहा वर्षांची नोंदणी. तिच्यातली एक अट मात्र दोनदा वाचावी अशी आहे: गाडी मूळ स्थितीतच हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. संस्थानिकांच्या विलायती मोटारींना ही अट शोभते. घराघरांत जपलेल्या कॉन्टेसावर ती अन्याय करते.

अमेरिकेत १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओने मसल कारची लाट आणली. मध्यम आकाराची गाडी आणि बॉनेटखाली ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन! आपल्याकडे त्या अंगकाठीची म्हणून मिरवली ती हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. बॉडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, जोर मागच्या चाकांवर, बॉनेट ऐसपैस. आणि १९८४ साली त्याखाली अँबेसेडरचेच १४८९ सीसीचे, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे इंजिन. ही उणीव खुद्द हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्याने भरून काढली. त्याने इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला, पुढे इसुझूचे डिझेलही दिले. मग वडिलांच्या जुन्या कॉन्टेसात इसुझू बसवणारा मुलगा गाडी बिघडवतो असे कसे म्हणायचे? माझ्या मते तो कारखान्याच्याच वाटेने चाललेला असतो. गाडीचे उत्पादन २००२ मध्ये थांबले, सुटे भाग दुर्मिळ झाले. अशा वेळी बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग या कामांत मुरलेले हात हीच तिची कंपनी. नाशिकसारख्या कारखानदारीच्या गावात असे हात आहेत.

जुने इंजिन धूर ओकते, ताकद वाढवली की अपघात वाढतात, हे आक्षेप खोटे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई केली, ती सुरक्षिततेच्याच काळजीने. पण ही काळजी रोजच्या रस्त्याची आहे. अशा नव्या जोमाच्या गाडीची खरी जागा ड्रॅग रेस, म्हणजे बंद धावपट्टीवरचे ४०२ मीटर. क्लच सुटला की सगळा झटका गिअरबॉक्स, शाफ्ट आणि मागच्या अॅक्सलवर येतो. रिबिल्डमधली हयगय तिथे लपत नाही. शर्यतीआधी गाडीची तपासणी होते, हेल्मेट आणि पट्टा सक्तीचा असतो. वेगाची हौस मोकळ्या महामार्गावर भागवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक ठिकाणच्या शर्यतीला शिक्षा सांगते. मात्र राज्य सरकारच्या लेखी संमतीचा दरवाजाही तेच उघडा ठेवते. शर्यतीसाठी कायदेशीर वाट काढणे राज्याला नवे नाही: बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती सर्वोच्च न्यायालयात १८ मे २०२३ रोजी टिकवूनही दाखवली. नाशिकने राष्ट्रीय मोटार रॅलीच्या फेऱ्या भरवल्या आहेत. तेव्हा सरकारने दोन गोष्टी कराव्यात: नाशिकजवळ तपासणीच्या सोयीसह एक सरळ धावपट्टी द्यावी, आणि कारखान्याने स्वतः वापरलेले प्रत्येक इंजिन त्या गाडीचे मूळ इंजिन मानावे. पहिल्या कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशीच्या होतील. नियम त्याआधी बदलायला हवा.