फुंकर, मुस्तफा आणि टेट्रिस

नव्वदच्या दशकात मुलं वाढलेल्या अनेक घरांत माळ्यावरच्या पिशवीत एखादी पिवळी कॅसेट आणि वायरींचा गुंता झालेले दोन रिमोट अजूनही सापडतात. खाली दिवाणखान्यात त्याच घरची पुढची पिढी प्लेस्टेशनवर नाहीतर लॅपटॉपवर परवाच डाउनलोड केलेला गेम खेळत असते. दोन्ही एकत्र आणले तर घरबसल्या झकास संग्रह तयार होतो. पण जुन्या-नव्या गेमबद्दल ऐकीव गोष्टी इतक्या रुजल्या आहेत, की त्यापायी चांगल्या वस्तू खराब होतात आणि खेळण्यातली गंमतही हातची जाते.

गैरसमज : कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारावी.

वस्तुस्थिती : फुंकर मारल्यावर गेम सुरू व्हायचा हे खरं, पण श्रेय फुंकरीचं नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा बसवली की तिच्या धातूच्या पट्ट्या आणि यंत्रातल्या पिना नव्याने नीट टेकत. फुंकरीतून त्या पट्ट्यांवर ओलावा बसतो आणि कालांतराने त्या गंजतात. म्हणूनच खुद्द निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका, असं बजावलं होतं. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी.

गैरसमज : ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटमध्ये तेवढे गेम असतात.

वस्तुस्थिती : आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक ‘टीव्ही गेम’ म्हणजे निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. या यंत्रावरचा १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० केबीत बसतो. असे सुमारे एक कोटी गेम कोंबायचे तर जवळपास ४०० जीबी जागा हवी. त्या काळच्या कॅसेटमधल्या चिपना हे स्वप्नातही शक्य नव्हतं. मूळ गेम मोजकेच असत. बाकीची लांबलचक यादी म्हणजे तेच गेम वेगळ्या पातळीपासून किंवा किरकोळ बदल करून पुन्हा पुन्हा मांडलेले.

मारिओची काटकसर मात्र खरीखुरी होती. त्यातले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग बदललेला.

गैरसमज : जुन्या गेमची चित्रं ओबडधोबडच होती.

वस्तुस्थिती : आज सपाट टीव्हीवर दिसणारे टोकदार चौकोन चित्रकारांनी तसे दिसावेत म्हणून काढलेच नव्हते. त्यांच्यासमोर काचेच्या नळीचा फुगीर टीव्ही होता आणि त्यावर शेजारशेजारचे ठिपके किंचित एकमेकांत मिसळत. १९९१ च्या ‘सोनिक’मधला धबधबा प्रत्यक्षात उभ्या रेघांचा आहे. जुन्या टीव्हीवर साध्या व्हिडीओ केबलमधून येताना त्या रेघा विरघळत आणि पाणी पारदर्शक भासे.

बदकं मारायच्या ‘डक हंट’चंही तसंच. त्याची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही म्हणून अनेकजण ती बिघडली असं समजून फेकून देतात. ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड शोधतो. जुन्या टीव्हीवर चौकोन तत्काळ उमटे. सपाट टीव्ही चित्र दाखवायला काही मिलिसेकंद उशीर करतो आणि तेवढ्यात नेम हुकतो. अशा बंदुकीसाठी एक जुना टीव्ही जपून ठेवणं हाच साधा उपाय आहे.

गैरसमज : गाजलेला गेम कुठे ना कुठे विकत मिळतोच.

वस्तुस्थिती : व्हिडीओ गेम पार्लरमध्ये एक-दोन रुपयांच्या नाण्यांवर खेळला गेलेला ‘मुस्तफा’ आठवून पाहावा. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. तो कॅपकॉमने १९९३ मध्ये काढला. चार नायकांतला चपळ मुस्तफा पोरांचा लाडका झाला आणि गेमलाच त्याचं नाव चिकटलं. पण गेमची गोष्ट मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथांवरून घेतलेली होती आणि अशा गेमला नव्याने बाजारात आणायचं तर हक्कांचे करार पुन्हा जुळवावे लागतात. २०१८ मध्ये कॅपकॉमने जुन्या हाणामारीच्या सात गेमचा संच आणला, त्यातही मुस्तफा नव्हता.

मुस्तफा एकटा नाही. अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात मिळत नाहीत, असं व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळलं.

गैरसमज : मिळत नसलेला जुना गेम फुकट उतरवून घेणं कायदेशीर असतं.

वस्तुस्थिती : विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाहीत. भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅमलाही कॉपीराइटचं संरक्षण आहे आणि ते कित्येक दशकं टिकतं.

गैरसमज : पैसे मोजून डाउनलोड केलेला गेम कायमचा आपला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा मिळतो तो वापरण्याचा परवाना. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ च्या अखेरीस थांबले आणि पैसे भरलेल्यांनाही तो खेळता येईना. संग्रह करणाऱ्याने म्हणूनच विकत घेण्यापूर्वी गेम इंटरनेटशिवाय चालतो का, हे आधी पाहावं.

गैरसमज : नवा गेम म्हणजे परदेशी कंपनीचा अवाढव्य पसारा.

वस्तुस्थिती : २०२० मध्ये आलेला ‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने घडवला. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) एरिक बॅरोन यांनी एकट्याने चार वर्षांहून अधिक खपून बनवला. आणि २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ तर चक्क मारिओच्याच यंत्रासाठी, मारिओइतक्याच ४० केबीत लिहिलेला आहे.

गैरसमज : जुन्या गेममध्ये आता नवं काही उरलेलं नाही.

वस्तुस्थिती : निन्टेन्डोचा ‘टेट्रिस’ १९८९ मध्ये आला. २९ व्या पातळीवर ठोकळे इतक्या वेगाने कोसळतात, की त्यापुढे माणसाची बोटं पुरी पडणार नाहीत, असा समज बरीच वर्षं होता. मग खेळाडूंनी रिमोट धरण्याची नवी तऱ्हा शोधली : अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या पाठीवर तबल्यासारखी भरभर वाजवायची. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा मुलगा याच तऱ्हेने १५७ व्या पातळीवर पोहोचला. तिथे आकडेमोड न झेपल्याने गेम गोठला. हा गेम बाजारात आला तेव्हा त्या मुलाच्या जन्माला अजून वीस वर्षं अवकाश होता.