सायकल पोलो : दोष, दंड आणि पंचाचा विवेक

सायकलवर बसून लांब दांड्याच्या काठीने चेंडू टोलवीत प्रतिपक्षाच्या गोलमध्ये धाडावयाचा, असा सायकल पोलोचा खेळ आहे. आयर्लंडमध्ये रिचर्ड मेक्रेडी यांनी १८९१ मध्ये तो सुरू केला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रात्यक्षिक सामना झाला. भारतात हिरवळीवरील सायकल पोलो रुजला असून, १९९६ मध्ये अमेरिकेत झालेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भारताने जिंकली. पुढे २००० च्या सुमारास सिएटल शहरात टेनिस कोर्टासारख्या टणक, बंदिस्त मैदानावर तीन-तीन खेळाडूंचा निराळा प्रकार रूढ झाला.

राहाता तालुक्याच्या सपाट प्रदेशात सायकल हे शाळकरी मुलांच्या परिचयाचे वाहन आहे. एवढे लहान मैदान शाळेच्या आवारातही आखता येईल. परंतु वेग, काठी व सायकल एकत्र आली की दुखापतीचे भय असते. म्हणून पंचाचे काम करणाऱ्या शिक्षकाने या लहान मैदानावरील खेळाच्या नियमांमागील हेतू जाणून घेणे अगत्याचे आहे.

नियमांचा अर्थ

पाय जमिनीला टेकला की खेळाडू तात्पुरता खेळाबाहेर जातो. मैदानाच्या मध्यावर ठरविलेल्या जागी काठी टेकवून आल्यावरच त्याला पुन्हा खेळता येते. तोल सावरणाऱ्या इतर खेळाडूंवर अन्याय होऊ नये, हा यामागील हेतू होय. पाय टेकलेला खेळाडू निमूटपणे बाजूला झाला, तर आणखी दंड नको. त्याने तसाच चेंडू खेळला किंवा वाट अडविली, तर दोष धरावा.

काठीच्या डोक्याच्या अरुंद टोकाने मारलेला चेंडूच गोल ठरतो. रुंद बाजूने चेंडू पुढे नेण्यास मुभा आहे. मात्र त्या बाजूने ढकललेला चेंडू गोलमध्ये गेला तरी गुण मिळत नाही. चेंडू अंगाला लागून अडला, एवढ्याने दोष होत नाही. हाताने धरून तो फेकणे मात्र निषिद्ध आहे.

शरीराशी शरीर, काठीशी काठी व सायकलशी सायकल एवढाच संपर्क क्षम्य मानतात. काठीने खेळाडूस मारणे किंवा ती दुसऱ्याच्या चाकात घालणे हा गंभीर दोष आहे.

दंड कसा द्यावा?

साध्या दोषासाठी चेंडू प्रतिपक्षास द्यावा. धोकादायक खेळासाठी खेळाडूस काही काळ बाहेर बसवावे. दोष घडताना चेंडू निर्दोष पक्षाकडे असेल, तर पंच हात वर करून खेळ चालू ठेवतो आणि दोषी पक्षाने ताबा मिळविताच शिट्टी वाजवितो. तत्काळ खेळ थांबविल्यास चूक करणाऱ्याचाच लाभ होईल. अपघात घडला असेल, तर मात्र खेळ त्वरित थांबविणे इष्ट.

सामन्यापूर्वी दोन्ही संघांना हे नियम एकत्र समजावून द्यावेत. शिरस्त्राण आणि हँडलच्या टोकांवरील बुचे तपासावीत. दंड कशासाठी झाला हे मुलांना उमगले, तर पराभूत संघही निर्णय मान्य करील आणि मैदानावरील वाद गावात पोहोचणार नाही.